ब्रेथ ऑफ द वाइल्ड: हत्यारं मोडतात ते बरोबर की चूक?

रानवाट

‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम ३ मार्च २०१७ ला निन्टेन्डोच्या वी यू आणि स्विच या कन्सोलवर आला. १२ मे २०२३ ला पुढचा भाग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ही आला, तरी एक वाद काही केल्या मिटत नाही. नायक लिंकच्या हातातली जवळपास सगळी हत्यारं वापरून वापरून मोडतात. पुष्कळांना हा गेमचा सर्वांत मोठा दोष वाटतो. माझ्या मते गेम उभाच त्यावर आहे.

सुरुवातीच्या ग्रेट प्लॅटो या पठारावर हाताला काय लागतं ते बघा. झाडाची फांदी: मार (एका फटक्यात होणारं नुकसान) २, चार फटक्यांत खलास. बोको क्लब: मार ४, आठ फटके. ट्रॅव्हलर्स सोर्ड: मार ५, वीस फटके. एवढ्या सामानावर समोरासमोर उभं राहून सपासप मारत सुटणं परवडत नाही, म्हणून नजर आजूबाजूला जाते. उतारावर गोल धोंडा दिसतो, तो खाली छावणीत लोटता येतो. स्फोटक पिंपं दिसतात. रिमोट बाँब तर कधी संपतच नाहीत, गोल आणि चौकोनी दोघांचा थंड होण्याचा वेळ वेगवेगळा असल्यामुळे आलटून पालटून टाकता येतात. बोकोब्लिन (छावणीतले राक्षस) झोपले असतील तर शेजारी पडलेली त्यांची हत्यारं आधी उचलायची. जागे झाले की रिकाम्या हातानं लढतात.

पहिल्याच दिवशी न मोडणारी चांगली तलवार मिळाली असती तर यातलं काहीही कुणी केलं नसतं. इव्हेन्टाइड बेटावर पाय ठेवताच अंगावरचे कपडे, हत्यारं, खाणं सगळं काढून घेतात आणि तीन गोळे तीन चौथऱ्यांवर ठेवायला सांगतात. गेममधली बहुतेकांच्या लक्षात राहणारी जागा तीच आहे, आणि ती या नियमाशिवाय शक्यच नव्हती.

आकडेमोड

प्लॅटोपुरतं सगळं मान्य. पण साठ-सत्तर तासांनंतर काय होतं त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

तुम्ही जितके शत्रू मारता तितके न दिसणारे गुण जमा होतात आणि त्यावर जगभरातले शत्रू बढती घेतात. लाल बोकोब्लिनची हेल्थ १३, निळ्याची ७२, काळ्याची २४०, चंदेरीची ७२०. आता नाइट्स ब्रॉडसोर्ड घ्या, मधल्या टप्प्यातली बऱ्यापैकी तलवार. मार २६, टिकाऊपणा २७ फटके. गुणाकार ७०२. मोडतानाचा शेवटचा फटका दुप्पट लागतो, तो धरून ७२८. म्हणजे कोरी तलवार अख्खी संपवली की एक चंदेरी बोकोब्लिन मरतो. एका छावणीत असे तीन-चार असतात, आणि बदल्यात मिळतं काय, तर त्यांच्याच हातातली तेवढीच हत्यारं. बरोबरी झाली तरी नशीब.

चंदेरी लायनेलची (अर्धा सिंह, अर्धा घोडा असा बलाढ्य राक्षस) हेल्थ ५०००. त्याच्याकडून मिळणारी सॅव्हेज लायनेल सोर्ड मार ५८, ४१ फटके, म्हणजे जेमतेम २४००. दोन तलवारीही कमी पडतात. याचा परिणाम एकच: खेळणारा छावणी दिसली की वळसा घालून जातो. लढाईचा इतका सुंदर गेम आणि लढाई टाळणं हाच शहाणपणा! तुमचा नियम सुरुवातीला कल्पकता शिकवतो आणि शेवटी पळायला शिकवतो.

पेटारा

आकडेमोड यांच्याशी सहमत, पण मला त्याहून मोठी खोट बक्षिसांत दिसते. तासभर कडा चढून, कोडं सोडवून पेटी उघडायची आणि आत तलवार निघायची. जागा भरलेली असेल तर गेम सांगतो की आणखी ठेवता येत नाही, आणि पेटी परत बंद. मग थांबून हातातलं काहीतरी टाकायचं, पेटी पुन्हा उघडायची. तीही तलवार पुढच्या दोन छावण्यांत संपणार हे माहीत असताना आनंद कसला? म्हणूनच श्राइनमधून (कोड्यांच्या देवळातून) चिलखत निघालं की मजा वाटते, ते कायम राहतं.

आणि टिकाऊपणा लपवून का ठेवलाय? पडद्यावर फक्त मार दिसतो. रॉयल गार्ड्स सोर्डचा मार ४८ दिसतो, पण ती १४ फटक्यांत मोडते. रॉयल ब्रॉडसोर्डचा मार ३६ दिसतो आणि ती ३६ फटके चालते. नवा खेळणारा साहजिकच ४८ वाली ठेवतो आणि ३६ वाली फेकतो, म्हणजे जवळपास दुप्पट काम देणारी वस्तू टाकून देतो. ही अडचण हुशारीनं सुटणारी नाही, कारण माहितीच दिलेली नाही. कोऱ्या हत्याराच्या चित्रावर चमक असते आणि मोडायला आलं की ते लाल लुकलुकतं, बस्स. मधला सगळा प्रवास अंधारात.

चकमक

टिकाऊपणाचा आकडा दिसायला हवा होता, यात दुमत नाही. पण आकडेमोड यांचं गणित साध्या फटक्यांचं आहे. हा गेम साध्या फटक्यांवर खेळायचाच नाही, गुणकांवर खेळायचा.

झोपलेल्या किंवा बेसावध शत्रूवर मागून केलेला वार आठपट लागतो. रॉयल ब्रॉडसोर्डनं ३६ गुणिले ८, २८८. काळा बोकोब्लिन एका फटक्यात गेला, तलवारीचा एक फटका खर्च. गोठलेल्या शत्रूला बसणारा पहिला वार तिप्पट. बर्फाचा बाण, एक जड वार, पुन्हा बाण. विजेच्या हत्याराचा झटका बसला की शत्रूच्या हातातलं हत्यार गळून पडतं. ते आधी आपण उचलायचं. कड्याजवळ छावणी असेल तर कोरोक लीफ या मोठ्या पानानं वारा घालून पाण्यात ढकला, तलवार काढायचीच गरज नाही.

खाण्याकडे तर कुणी लक्षच देत नाही. चार मायटी बनाना एकत्र शिजवले की तिसऱ्या पातळीची ताकद ३ मिनिटं २० सेकंद, मार दीडपट. पाचवा जिन्नस म्हणून ड्रॅगनच्या शिंगाचा तुकडा घातला तर तीच ताकद ३० मिनिटं. बार्बेरियनचे तिन्ही कपडे घातले तरी तिसरीच पातळी मिळते, पण कपडे आणि खाणं यांची बेरीज होत नाही. त्या कपड्यांवर केळी वाया घालवू नका.

आता तुमचा चंदेरी लायनेल. एन्शंट चिलखताचे तिन्ही भाग ग्रेट फेअरी या परीकडून दोन-दोन वेळा वाढवून घेतले की एन्शंट हत्यारांचा मार ८० टक्क्यांनी वाढतो. एन्शंट शॉर्ट सोर्ड ४०, ती झाली ७२. वर केळ्यांचं खाणं, दीडपट, १०८. ५००० साठी ४७ फटके. ही तलवार ५४ फटके टिकते. एक तलवार, एक लायनेल, वर सात फटके शिल्लक.

त्याहून स्वस्त वाट: तोंडावर बाण मारून त्याला गुडघ्यावर आणा, पाठीवर चढा आणि हातातलं सर्वांत जड हत्यार चालवा. पाठीवरून मारलेल्या फटक्यांनी हत्यार झिजत नाही. एकही फटका खर्च होत नाही.

आकडेमोड

पाठीवरचे फटके फुकट आहेत हे गेम कुठे सांगतो? कुठेच नाही. जो नियम नीट चालवायला लपलेली सवलत शोधावी लागते, तो नियम नीट बसवलेला नाही. आणि एन्शंट चिलखत दोन वेळा वाढवायचं म्हणजे गार्डियन या यंत्रराक्षसांचे सुटे भाग ढिगानं लागतात, तिथे पोचेपर्यंत गेम संपत आलेला असतो.

माझा आक्षेप नेमका सांगतो. मोडणं चूक नाही. शत्रूची हेल्थ १३ वरून ७२० वर जाते, पंचावन्नपट. तेवढ्या वेळात हत्याराचा मार ५ वरून ३६-५० पर्यंत जातो, फार तर दहापट. ही दरी भरून काढायला टिकाऊपणा वाढवायला हवा होता. तो विसावरून छत्तिसावर आणून ठेवलाय.

सातवी वीणा

चकमक यांच्या यादीत ढाल राहिली. नेमक्या क्षणी ए दाबून परतवलेला घाव ढालीला अजिबात झिजवत नाही. गार्डियनचा किरण भांड्याच्या झाकणानंही परत पाठवता येतो: मोडक्या गार्डियनला एकदा, चालत्या स्टॉकरला तीनदा. त्यासाठी चांगली ढाल जाळायची गरज नाही. हुकलं मात्र तर झाकण गेलंच, आणि लिंकही भाजतो.

जागेच्या तक्रारीबद्दल: हेस्टू या पात्राला कोरोक या वनजीवांच्या लपलेल्या बिया दिल्या की सामान ठेवायची जागा, म्हणजे घरं, वाढतात. हत्यारांची पहिली पाच घरं १, २, ३, ५ आणि ८ बियांना, म्हणजे सगळी मिळून १९ बिया. पुढे भाव चढत जातो, शेवटचं घर ५५ ला. पहिली पाच घरं ताबडतोब घ्या, काकारिको गावाच्या वाटेवर तो भेटतो तेव्हाच. एकूण ९०० बिया आहेत, पण सगळी घरं ४४१ मध्ये पूर्ण होतात. बाकीच्यांच्या मागे लागू नका.

एक घर कुऱ्हाडीला, एक हातोड्याला, एक मशालीला, एक कोरोक लीफला अडवून ठेवलं की उरलेल्यात लढाईची हत्यारं किती कमी बसतात ते दिसतं. झाडं आणि धातूचे खडक बाँबनं फुटतात, म्हणून कुऱ्हाड आणि हातोडा दोन्ही सोडून दिले तरी चालतं.

पेटारा

मास्टर सोर्डबद्दल कुणी बोलतच नाही. तेरा हृदयं जमवून उपसलेली दंतकथेतली तलवार, आणि मार ३०! गार्डियन किंवा शेवटचा शत्रू गॅनन याच्यासमोर ती ६० ची होते, पण एरवी ऊर्जा संपली की दहा मिनिटं बंद. ही मोडत नाही एवढंच समाधान. निदान हिला तरी सूट द्यायला हवी होती.

रानवाट

ती सूट दिली असती तर बाकीची सगळी हत्यारं त्या क्षणी निरुपयोगी झाली असती. दहा मिनिटांची विश्रांती हा मला नेमका तोडगा वाटतो: बेत आखताना हुकमी पत्ता हातात आहे, पण दर डावात टाकता येत नाही. तिची ऊर्जा अर्धवट असताना आपोआप भरत नाही, पूर्ण संपल्यावरच भरायला लागते. मोठ्या लढाईआधी चार-पाच फटकेच उरलेत असं वाटलं तर झाडांवर मारून ती संपवून टाका आणि दहा मिनिटांनी भरलेली तलवार घेऊन जा. डीएलसीतल्या (विकत घ्यायच्या जोडभागातल्या) ट्रायल ऑफ द सोर्डचे तिन्ही टप्पे पार केले की मार कायमचा ६० होतो आणि ऊर्जाही कितीतरी जास्त टिकते.

आकडेमोड यांचा दरीचा मुद्दा मात्र खरा आहे. चंदेरी शत्रू उशिरा आणि कमी यायला हवे होते. मोडण्याचा नियम तसाच ठेवून हे करता आलं असतं.

उत्तरार्ध

ही दरी टिअर्स ऑफ द किंगडमनं भरली, असं माझं ठाम मत आहे. तिथे गंजलेल्या तलवारीला राक्षसाचं शिंग जोडता येतं. चंदेरी लायनेलचं सेबर हॉर्न मारात ५५ ची भर घालतं. म्हणजे ताकद हत्यारातून निघून सामानात गेली, आणि सामान शेकड्यानं साठवता येतं. बलाढ्य शत्रू मारला की बलाढ्य शिंग मिळतं, छावणी टाळायचं कारणच उरत नाही. पेटारा यांची बक्षिसाची तक्रारही बरीचशी इथेच मिटते.

शिवाय दुरुस्ती आली. एल्डिनमधला रॉक ऑक्टोरॉक श्वास आत ओढायला लागला की झिजलेलं हत्यार त्याच्या पुढ्यात फेका. तो गिळून परत थुंकतो तेव्हा ते कोरं झालेलं असतं, कधी कधी वर एखादा गुणही चिकटतो. थुंकलेलं हत्यार अंगावर येतं, म्हणून बाजूला सरा आणि मग उचला. एक ऑक्टोरॉक एकदाच हे काम करतो. झालं की त्याला मारून टाका, ब्लड मूननंतर (मेलेले शत्रू परत येतात ती रात्र) ताजा उगवतो. ब्रेथमध्ये तो फक्त गंजलेली हत्यारं साफ करायचा.

पेटारा

तक्रार मिटली नाही, मेनूत गेली. हत्यार मोडलं की नवं काढा, सामानातून शिंग निवडून जमिनीवर टाका, फ्यूज (वस्तू जोडायची शक्ती) लावा, शिंगावर रोखा, जोडा. लढाईच्या मध्ये हे करून बघा. बाणांना तर दर नेमाला सामान नव्यानं जोडावं लागतं, आणि यादी इतकी लांब की हवा ती वस्तू सापडेपर्यंत शत्रू अंगावर येतो. शक्तीनुसार किंवा वापरानुसार क्रम लावला की थोडं हायसं वाटतं, तेवढंच.

चकमक

जोडणी लढाईआधी करून ठेवायची असते. हत्यारांच्या घरांत आठ हत्यारं असतील तर आठही आधीच शिंगं लावून तयार ठेवा, म्हणजे मध्ये फक्त हत्यार बदलायचं. बाणांबद्दल मात्र पेटारा यांचं बरोबर आहे, एकच सामान सलग जोडलेलं राहील अशी सोय हवी होती.

आकडेमोड

ब्रेथकडेच परत येतो, कारण तिथल्या मास्टर मोड या जास्त अवघड प्रकारात माझा आक्षेप सर्वांत उघडा पडतो. त्यात प्रत्येक शत्रू एक पायरी वर, चंदेरीच्या वर सोनेरी, हेल्थ १०८०. मार थांबला की ती हेल्थ परत भरायला लागते. म्हणजे तुम्ही लांब सरून धोंडा लोटायची जागा शोधेपर्यंत तुमच्या मोडलेल्या तलवारीचं काम पुसलं जातं. रानवाट ज्या कल्पकतेची बाजू मांडतात तिला वेळ लागतो, आणि हा मोड नेमका तोच वेळ काढून घेतो.

सातवी वीणा

मास्टर मोडमध्ये हेल्थ भरणं आगीनं किंवा सततच्या फटक्यांनी रोखत ठेवा आणि एका वेळी एकालाच धरा. चार जणांना थोडं थोडं मारत फिरलात तर चारही भरून निघतात आणि हत्यारं तेवढी जातात.