मदत हवी आहे: हुमणीच्या बातमीसाठी शास्त्रज्ञ कसा गाठायचा?

सीमाभाग_वार्ताहर
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या एका मराठी साप्ताहिकासाठी लिहितो. सध्या इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात आहे: अमुक पावडर पाण्यात कालवून उसाच्या बुडाला ओता, तीन दिवसांत हुमणी (उसाची मुळं खाणारी अळी) साफ. दुकानांतून पुडे खपताहेत आणि पुड्यावर मोठ्या अक्षरांत 'जैविक बुरशी' एवढंच. बातमी द्यायची तर जबाबदार शास्त्रज्ञाच्या नावानिशी द्यायची आहे. अंक गुरुवारी रात्री छपाईला जातो. परदेशात पत्रकारांना फुकटात शास्त्रज्ञ गाठून देणाऱ्या संस्था आहेत म्हणे. त्यांचा आपल्याला उपयोग होतो का? नसेल तर इथं कुणाला धरायचं? कन्नड बोलता येतं, पण शास्त्रीय विषय निघाला की अडायला होतं.

तळटीप
आहेत. अमेरिकेत सायलाइन: 2017 पासून, वॉशिंग्टनच्या एएएएस या विज्ञानसंस्थेच्या छत्राखाली, देणग्यांवर चालते, पत्रकाराकडून पैसे घेत नाही. लंडनचं सायन्स मीडिया सेंटर 2002 चं. दोघांची पद्धत वेगळी. सायलाइनला तुम्ही अर्ज भरता: विषय काय, नेमके प्रश्न कोणते, डेडलाइन कधी, बातमी कुठं छापणार. मग तिथली माणसं त्या विषयावर संशोधन केलेला आणि बोलायला तयार असलेला शास्त्रज्ञ शोधतात. लंडनवाले मोठी बातमी फुटली की स्वतःहून चार-पाच तज्ज्ञांच्या प्रतिक्रिया गोळा करून नोंदणीकृत पत्रकारांना धाडतात.

तुमच्या कामाला दोन्ही नाहीत. सायलाइनचा भर अमेरिकेतल्या पत्रकारांवर आहे, आणि आयोवाचा कीटकशास्त्रज्ञ दूधगंगेकाठच्या उसाबद्दल काय बोलणार! त्यांचा अर्ज मात्र उचला. तेच रकाने भरून इथल्या शास्त्रज्ञाला ईमेल करा, उत्तर यायची शक्यता बरीच वाढते. शास्त्रज्ञ टाळतात ते बहुतेकदा 'हुमणीविषयी थोडी माहिती हवी होती' असल्या मोघम फोनला.

काळी_माती
इथं कुणाला धरायचं ते सांगतो. पहिला दरवाजा संकेश्वरचं कृषी संशोधन केंद्र. ते धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं आहे आणि उसावरच काम करतं. दुसरा, कृषी विज्ञान केंद्र: जिल्ह्यात मत्तिकोप्पला आहे, तुक्कानट्टीला आहे. तिथं पीक संरक्षणाचा विषयतज्ज्ञ मागा. प्रमुखाला फोन करून 'कुणीतरी द्या' म्हटलं तर जो मोकळा असेल तो मिळतो. कीड ओळखण्यावरच वाद निघाला तर बेंगळूरूचं राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो.

दोन ठिकाणी लोक हमखास चुकीच्या दारात उभे राहतात. बेळगावची निजलिंगप्पा साखर संस्था आणि आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषध संस्था. पहिलीचा भर साखर बनवण्याच्या तंत्रावर, दुसरी माणसांच्या औषधांची. एखाद्या काढ्याच्या दाव्याची बातमी असेल तर दुसरीकडे जरूर जा, हुमणीसाठी नको.

सरकारी शास्त्रज्ञाला छापील विधानासाठी वरिष्ठांची परवानगी लागू शकते. ईमेल शास्त्रज्ञाला करा, प्रत केंद्रप्रमुखाला ठेवा, विद्यापीठाचा माणूस असेल तर विस्तार संचालकांनाही. पत्र सोमवारी सकाळी गेलं पाहिजे. बुधवारी पाठवलेलं पत्र परवानगीच्या टेबलावरच राहतं. मजकूर इंग्रजीत लिहा, मुलाखत कन्नडमध्ये घ्या, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

सीमाभाग_वार्ताहर
आभारी आहे. असे प्रश्न काढलेत: 1) हुमणीवर उपाय काय? 2) ही पावडर चांगली आहे का? 3) शेतकऱ्यांना काय सल्ला द्याल? चालतील?

उसाचा_फड
नाही चालणार. पहिल्याला तासाभराचं व्याख्यान मिळेल, तिसऱ्याला 'एकात्मिक व्यवस्थापन करा'. दुसऱ्याला कुठलाही शहाणा शास्त्रज्ञ ब्रँडचं नाव ऐकूनच गप्प बसेल.

त्याचा पहिला उलट प्रश्न असेल, माळावरची हुमणी की नदीकाठची? माळावरची होलोट्रायकिया, नदीकाठची ल्युकोफोलिस. होलोट्रायकियाचे भुंगेरे, म्हणजे अळीचे प्रौढ किडे, वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, म्हणून 'झाडं हलवून भुंगेरे गोळा करा' हा सल्ला मे-जूनचा. आता शेतात जी जाड, वाकडी, मुळं खाणारी अळी दिसते ती वाढीच्या तिसऱ्या, शेवटच्या अवस्थेतली. सगळ्यात जास्त नुकसान तिचं, आणि मरायला सगळ्यात चिवटही तीच.

हुमणीवर वापरतात ती जैविक बुरशी म्हणजे मेटारायझियम. म्हणून असं विचारा: 'तिसऱ्या अवस्थेतल्या अळीवर मेटारायझियम बुरशी किती दिवसांत परिणाम दाखवते? जमिनीत ओल किती लागते? तीन दिवसांत अळी मेली तर ते बुरशीचं काम असू शकतं का?' खरी बातमी शेवटच्या प्रश्नात आहे. बुरशी अळीच्या कातडीवर रुजून आत शिरते, मग अळी मरते. त्याला साधारण आठवडा-दोन आठवडे जातात आणि ओल मिळाली तर मेलेल्या अळीवर हिरवट बुरशी दिसते. तीन दिवसांत शेत साफ होत असेल तर पुड्यात बुरशीशिवाय आणखी काही मिसळलंय का, हे विचारायलाच हवं.

लेबल_वाचा
शास्त्रज्ञाला फोन करायच्या आधी पुडा पालथा करा. जैविक कीटकनाशकही 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं. केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, बुरशीचं नाव, ग्रॅममागे जिवंत बीजाणूंची संख्या, उत्पादनाची आणि मुदत संपायची तारीख, उत्पादकाचा पत्ता, हे सगळं छापलेलं असायला हवं. नोंदणी क्रमांकच नसेल तर तुमची बातमी शास्त्रज्ञाकडून कृषी खात्याकडे सरकते. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात विचारा, तालुक्याचा कीटकनाशक निरीक्षक कोण ते कळेल. पुडा विकत घ्या, पक्की पावती घ्या, पुढून-मागून फोटो काढा, पुडा फोडू नका.

शिफारशीतही गोंधळ होतो. धारवाड विद्यापीठाची मात्रा आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची मात्रा वेगळी निघू शकते. दोन्ही छापत असाल तर कुणाची कुठली ते लिहा. (सीमावादात उसाला ओढू नका, एवढीच विनंती.) आकडा एकरी की हेक्टरी तेही तिथंच विचारून घ्या. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, एवढ्या एका चुकीत शेतकऱ्याचा खर्च अडीचपट होतो.

तळटीप
तज्ज्ञाला आणखी एक विचारायचं राहतं: या कंपनीकडून संशोधनाचा निधी, मानधन किंवा चाचणीचं काम घेतलंय का? घेतलं असेल तर त्याला बाद करू नका, पण बातमीत एक ओळ टाका. आणि दुसरा तज्ज्ञ दुसऱ्या संस्थेचा घ्या. एकाच विभागातले दोघे म्हणजे एकच मत दोनदा.

छापण्याआधी तपासायला त्याची विधानं, आकडे आणि शास्त्रीय नावं तेवढी वाचून दाखवा. अख्खी बातमी पाठवली की ती दुरुस्त होऊन परत येते.

सीमाभाग_वार्ताहर
पुड्यावर नोंदणी क्रमांक दिसत नाही. रैत संपर्क केंद्रात उद्याच जातो. शास्त्रज्ञांना अळीचे नमुने नेऊन द्यावेत की फोटो पुरेल?

उसाचा_फड
दोन्ही न्या. फोटो अळी उताणी करून, मागच्या टोकाचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. तिथल्या बारीक केसांच्या रचनेवरून जात ओळखतात, पाठीच्या फोटोचा काही उपयोग नाही. जिवंत अळ्या एका डब्यात भरू नका, एकमेकींना चावून मारतात. प्रत्येक अळी वेगळ्या छोट्या डबीत, तिच्याच शेतातल्या ओलसर मातीत, झाकणाला भोकं पाडून. दोन अळ्या गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, नाहीतर काळ्या पडतात. चिठ्ठीवर गाव, तारीख, उसाची जात, लागण (नवी लावणी) की खोडवा (तोडणीनंतर फुटलेला ऊस), आणि शेत नदीपासून किती लांब ते पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.