डाएटवर असताना कुठलं दही खायचं? फ्लेवर्ड योगर्टचे कप बंद करा असं माझं स्पष्ट मत आहे

मृणाल_दादर
आमच्या ऑफिसात लंच झालं की निम्म्या मुलींच्या हातात स्ट्रॉबेरी नाहीतर मँगो योगर्टचा कप असतो आणि विचारलं तर सगळ्या म्हणतात डाएट चालू आहे. मला खरंच वाईट वाटतं, कारण जेवणात एक चपाती कमी करतात, भात सोडतात, चहात साखर घेत नाहीत आणि नेमकी तीच साखर या कपातनं परत पोटात जाते. कप उलटा करून मागचं बारीक अक्षरातलं वाचा ना एकदा. साध्या दह्यातही 100 ग्रॅमला 4-5 ग्रॅम साखर लिहिलेली असते, ती दुधातली लॅक्टोज, तिला घाबरायचं काही कारण नाही. पण फ्लेवर्डवाल्या बऱ्याच कपांवर टोटल शुगर 12-14 च्या पुढेमागे दिसते, म्हणजे आठ-नऊ ग्रॅम वरून घातलेली, जवळजवळ दोन चमचे झाले. 2022 पासून अॅडेड शुगरचा आकडा वेगळा छापावा लागतो त्यामुळे शोधायला काही कष्ट नाहीत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की अशी वरची साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर चांगलं, त्यातला तिसरा हिस्सा तुम्ही एका छोट्या कपात संपवला.

आणि त्या कपात फळ किती असतं तेही बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यात साखर फळाच्या आधी आली असेल तर तुम्ही नेमकं काय विकत घेतलं ते कळतं.

माझं म्हणणं सरळ आहे. टोन्ड दुधाचं, घरी विरजण लावलेलं साधं दही, वाटीभर, वर जिरेपूड नाहीतर अर्धं केळं, डाळिंबाचे दाणे, जे आवडेल ते. डाएटसाठी यापेक्षा महाग काही घ्यायची गरज नाही.

अक्षय_अंधेरी
फ्लेवर्डबद्दल शंभर टक्के मान्य, पण पुढचं नाही पटलं. वजन उतरवताना मेन गोष्ट प्रोटीन आहे आणि साध्या दह्यात ते आहे किती तर 100 ग्रॅमला 3 ते साडेतीन ग्रॅम, म्हणजे वाटीभर खाल्लंत तर पाच ग्रॅम मिळालं. साठ किलोच्या माणसाला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबानेच दिवसाला 50 ग्रॅम लागतं. आपल्या व्हेज घरांमध्ये पोहे, उपमा, वरणभात, चपाती-भाजी यातनं ते भरत नाही हे प्रत्येकाने एकदा लिहून मोजून बघावं. मग लोक खाणं कमी करतात, काटा खाली येतो आणि खूश होतात पण त्यात स्नायूही गेलेले असतात. साधं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट घ्या, 100 ग्रॅमला 8-10 ग्रॅम प्रोटीन, फॅटही कमी आणि संध्याकाळी पाचला वडापावची आठवण येत नाही.

गिरगावचे_काका
अरे अक्षय, ग्रीक योगर्ट म्हणजे आपला चक्काच की रे! आमच्याकडे गुढीपाडव्याला रात्रभर पंच्यात बांधून नळाला टांगतात तोच. साखर घालून घोटलं की श्रीखंड, नाही घातली की तुझं ग्रीक. एवढ्याशा कपाला 50-60 रुपये का घालवता तुम्ही पोरं? लिटरभर टोन्ड दूध साठच्या आतबाहेर येतं, त्याचं दही लाव, फडक्यात बांध, साडेतीनशे-चारशे ग्रॅम चक्का निघतो. तीन-चार जणांचं काम होतं.

अक्षय_अंधेरी
काका, आयडिया एकदम बरोबर आहे पण कुठल्या दुधाचं दही टांगलं त्यावर सगळं अवलंबून आहे आणि हे कोणी सांगतच नाही. टांगल्यावर पाणी जातं, फॅट जात नाही. टोन्ड दुधात 3 टक्के फॅट, म्हणजे लिटरमागे 30 ग्रॅम, ते जवळजवळ सगळं चक्क्यात राहतं, म्हणजे 100 ग्रॅम चक्क्यात आठेक ग्रॅम फॅट आणि सातेक ग्रॅम प्रोटीन. फुल क्रीमचं टांगलंत तर 6 टक्क्यांनी हिशोब करा, 100 ग्रॅमला 15 ग्रॅम फॅट! माझ्या जिममधले कितीतरी जण घरचं हंग कर्ड हेल्दी म्हणून मोठा बोल भरून खातात आणि वजन हलत नाही म्हणून डोकं धरून बसतात. दुकानातलं साधं ग्रीक बहुतेक वेळा स्किम्ड दुधाचं असतं म्हणून तिथे फॅट कमी दिसतं. घरी करायचं तर डबल टोन्ड घ्या, 1.5 टक्के फॅटवालं, नाहीतर स्किम्ड.

गिरगावचे_काका
हा मुद्दा चांगला काढलास. आमच्याकडे म्हशीचंच दूध येतं, डबल टोन्ड मागवून बघतो.

मृणाल_दादर
अक्षय, सगळेच ग्रीक म्हणवणारे कप खरोखर गाळलेले असतात असं धरून चालू नकोस. काही ठिकाणी दुधाची पावडर, स्टार्च, जिलेटिन किंवा पेक्टिन घालून दाटपणा आणतात. पावडरने निदान प्रोटीन तरी वाढतं, पण स्टार्च आणि जिलेटिन कशाला? घटकांत दूध आणि कल्चर (म्हणजे विरजण) एवढंच असेल आणि प्रोटीनचा आकडा 7-8 च्या वर असेल तर माझी काही हरकत नाही. पुढे मोठ्या अक्षरात हाय प्रोटीन लिहिलंय म्हणून विकत घेऊ नका एवढंच सांगतेय. आणि प्रोटीन काय एका दह्यातनंच यायचंय का, मुगाचं धिरडं आहे, मटकीची उसळ आहे, अंडं खाणाऱ्यांना अंडं आहे.

पार्लेकरीण
मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय की फॅटला सगळे गुन्हेगार ठरवून मोकळे झालेत. मी सायीचं दही खाते, म्हशीच्या दुधाचं, कवडी पडलेलं, आणि एका वाटीत माझं पोट भरतं. ते डबल टोन्डचं पाणचट दही खाल्लं की अर्ध्या तासात फरसाणाच्या डब्याकडे हात जातो त्याचं काय? पूर्ण फॅटचे दुधाचे पदार्थ खाणारी माणसं हमखास जाड होतात असं लोकांच्या खाण्याच्या निरीक्षणांवर केलेल्या अभ्यासांतही काही स्पष्ट निघत नाही. आपल्या आज्या-पणज्या सायीचं दही खाऊन ठणठणीत होत्या, त्यांनी कधी डब्यामागची अक्षरं वाचली नाहीत.

मृणाल_दादर
ताई, आज्या दळण-कांडण करायच्या, विहिरीवरनं पाणी आणायच्या, आपण एसी कॅबिनमध्ये नऊ तास बसतो आणि लिफ्टने वर जातो. हिशोब करून सांगते. दीडशे ग्रॅमची वाटी धरा, डबल टोन्डच्या दह्यात 70 च्या आसपास कॅलरी, टोन्डच्या 85-90, फुल क्रीमच्या 130 च्या वर, आणि फुल क्रीमच्या त्या वाटीत 9 ग्रॅम फॅट, त्यातलं जवळपास दोन तृतीयांश सॅच्युरेटेड. सायीचं म्हणजे याहून वर. एकदा खाल्लं तर काही बिघडत नाही पण दोन्ही वेळच्या जेवणात आणि वर पराठ्याबरोबर असं चाललं तर फरक पडतोच. घरात कोणाला कोलेस्टेरॉल असेल तर त्यांना सायीचं दही हेल्दी आहे असं प्लीज सांगू नका.

पार्लेकरीण
दोन्ही वेळ मी म्हटलंच नाहीये. एक वाटी, दुपारी, भाकरीबरोबर. त्या एका वाटीने चार वाजताचं बिस्किट आणि सहाचं शेवपुरी हे दोन्ही माझं सुटलं, ते तुमच्या हिशोबात कुठे धरलंय? 50-60 कॅलरी जास्त खाऊन 300 वाचत असतील तर मला ते चालतं. कोलेस्टेरॉलवाल्यांचं वेगळं, त्यांनी डॉक्टरांचं ऐकावं, तिथे मी वाद घालत नाही. पण धडधाकट बाईला दही खाताना अपराधी वाटायला लावू नका, आधीच आपल्याकडे बायका स्वतःच्या ताटात शेवटचं उरलेलं वाढून घेतात.

अक्षय_अंधेरी
पार्लेकरीण ताईंचा शेवटचा मुद्दा लाखातला आहे. पोट भरण्याचं काम प्रोटीनही करतं म्हणून माझं मत बदललं नाही, पण ज्याने तुमचं मधलं खाणं बंद होतं ते दही तुमच्यासाठी चांगलं हे मान्य.

स्नेहा_डोंबिवली
तुम्ही सगळे दादर-पार्लेवाले बोलताय म्हणून लिहिते. मी सकाळी सातच्या आधीची ट्रेन पकडते, रात्री साडेआठला घरात पाय ठेवते, मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास. विरजण कधी लावू आणि चक्का कधी टांगू? डब्यात दही नेलं तर मे महिन्यात ऑफिसला पोचेपर्यंत एवढं आंबट होतं की तोंडात धरवत नाही, गर्दीत डबा आडवा होऊन बॅग भिजते ती वेगळीच. त्यामुळे ऑफिसच्या खालच्या दुकानातनं कप घेते. घरचं खा, घरचं खा हे सांगणं सोपं आहे हो. मला एवढंच सांगा की दुकानातनंच घ्यायचं तर काय बघून घेऊ.

माटुंगा_मामी
स्नेहा, तुझं अगदी बरोबर आहे, नोकरी आणि घर करणारीला उगाच अजून कामं सांगायची नाहीत. आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे ती सांगते, आम्ही दहीभात डब्यात द्यायचा तर भात मऊ कालवून त्यात दूध जास्त घालतो आणि दही फक्त चमचाभर. दुपारपर्यंत ते दूध मुंबईच्या उकाड्यात आपोआप लागतं आणि जेवताना दहीभात गोड, ताजा असतो, आंबट होतच नाही. भात कमी घेऊन काकडी-गाजर किसून घातलंस तर डाएटलाही चालेल. फोडणीत मोहरी, कढीपत्ता आणि थोडं आलं.

मृणाल_दादर
स्नेहा, तुझ्यासारखीचा विचार करूनच मी मागचं लेबल वाचा म्हणतेय. साध्या दह्याचा कप किंवा पाऊच घे, हल्ली छोटेही मिळतात. अॅडेड शुगर शून्य, घटकांत दूध आणि कल्चर, फॅट 3 च्या आसपास किंवा कमी. तारीख ताजी. आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेलं असेल तर डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते टाळ, कारण त्यातले जिवंत बॅक्टेरिया गेलेले असतात आणि दह्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो. गोड हवंच असेल तर सोबत एक चिकू नाहीतर केळं घे. पियुष आणि श्रीखंडाच्या वाट्याला मात्र डाएट संपेपर्यंत जाऊ नको, श्रीखंडात 100 ग्रॅमला 40 ग्रॅमपर्यंत साखर असू शकते.

स्नेहा_डोंबिवली
थँक्यू. कपातलं ताक कसं? ते तर स्वस्तही पडतं.

अक्षय_अंधेरी
ताक मस्त, कॅलरी अगदीच कमी, पण प्रोटीनही कमी, ते जेवण म्हणून धरू नका. मसाला ताक घेणार असाल तर सोडियमचा आकडा बघा, विशेषतः घरात बीपी असेल तर.

निलेश_लालबाग
मधेच विचारतो. आमच्या खाली डेअरीत किलोवर सुटं दही मिळतं, मोठ्या पातेल्यात लावलेलं, एकदम घट्ट. वडिलांना शुगर आहे, त्यांना ते चालेल का? आई म्हणते दही गोड असतं म्हणून बंद करा, आणि रात्री तर नकोच.

मृणाल_दादर
साध्या दह्यात वाटीभरात 6-7 ग्रॅम कार्ब्ज असतात, अर्ध्या चपातीपेक्षा कमी, त्यामुळे साधं दही गोड म्हणून बंद करायचं कारण मला तरी दिसत नाही. उलट 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने दही नियमित खाल्ल्याने टाइप 2 डायबिटीसचा धोका कमी होऊ शकतो असं लेबलवर लिहायला परवानगी दिली, पुरावा मर्यादित आहे ही अट घालून. पण ते ज्यांना अजून झाला नाही त्यांच्याबद्दल आहे, वडिलांची औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना किती खाऊ एवढं विचारून घ्या. सुट्या दह्याचं माझं एकच म्हणणं, त्याला लेबल नसतं. एवढं घट्ट आहे म्हणजे बहुतेक म्हशीच्या फुल फॅट दुधाचं असेल. दुधात काय घालतात आणि कुठल्या दुधाचं लावतात हे डेअरीवाल्याला सरळ विचारा, ओळखीचा असेल तर सांगतो.

पार्लेकरीण
रात्रीचं आईचं ऐकायला काय हरकत आहे, आयुर्वेदातही रात्री दही नको असंच सांगितलंय. दुपारी खाऊ दे ना त्यांना.

अक्षय_अंधेरी
रात्री दही खाल्ल्याने वजन वाढतं असं काही नसतं पण, दिवसभरात एकूण किती खाल्लं त्यावर आहे. मी रात्री आठला जिममधनं येऊन दहीच खातो. ज्यांना कफाचा, सर्दीचा त्रास होतो त्यांनी नका खाऊ.

गिरगावचे_काका
डबल टोन्डचं लावलं हो काल. आमच्या हिला पातळ वाटलं, म्हणून विरजण घालायच्या आधी दोन चमचे साधी दूध पावडर कालवली, छान घट्ट लागलं. आता टांगलंय. आणि चक्का करणाऱ्यांनो, खाली भांड्यात साठते ती निवळी ओतून देऊ नका, कॅल्शियम बरंचसं त्यातच उतरतं. कणीक त्यातच मळा, नाहीतर आमटीत घाला.