पाण्याच्या दिवशीचं काम वेगळं धरा

‘मालकीण रोज नवं काम सांगते, घरभर पसारा, बाईनं करायचं काय?’ घरकाम करणाऱ्या बाईच्या या प्रश्नाच्या उत्तरात थोडी भर. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. साठलेलं धुणं, पिंपं घासणं, सगळं एकाच सकाळी अंगावर येतं. त्यामुळे पगार ठरवतानाच धुणं, भांडी, फरशी यांचा दर वेगवेगळा बोलून घ्यावा. पिंपं, चादरी, पाहुण्यांची भांडी यांचे पैसे वरचे. खाडेही तेव्हाच ठरवा, नंतर कुणी ऐकत नाही.

पसाऱ्याच्या घरात आधी ओटा मोकळा करा, भांडी भिजत घाला, तोवर केर काढून होतो. परातीत ज्वारीचं पीठ वाळलं असेल तर गार पाणीच घाला. गरम पाण्यानं ते चिकट होऊन बसतं.

मोरीतल्या क्षाराच्या डागांसाठी ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र कधीच टाकू नका, मालकीण कितीही घाई करो. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो.

घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. नोंदणी जरूर करा.