सायलेन्सरच्या आतली जाळी सुटलीये, वेल्डिंगबद्दल मदत हवी आहे

बाईक दीडशे सीसी, बीएस थ्री (जुन्या प्रदूषण नियमांची), कार्ब्युरेटरवाली, सायलेन्सर ओरिजिनल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) नाही. न्यूट्रलला ठीक असते पण थोडं ॲक्सिलरेटर दिलं की आतून खडखड खडखड सुरू, आणि रेस वाढवली की आवाज परत दबतो.

आधी वाटलं बाहेरचं काहीतरी असेल म्हणून हीट शील्डचे स्क्रू, क्लॅम्प, मागचा माउंटिंग बोल्ट सगळं टाइट केलं, गॅस्केटपण नवीन टाकली, काही फरक नाही. मग सायलेन्सर उतरवून हलवला तर तोच आवाज. मागून टॉर्च मारला तर भोकांच्या नळीचं, म्हणजे आतल्या जाळीचं, टोक दिसतं, तिथलं वेल्डिंग तुटलंय, सळईने ढकललं की नळी हलते आणि गंजाची भुकटी पडते. पत्रा बाहेरून चांगलाय, कुठे लीक नाही.

मागची टोपी वेल्ड केलेली आहे, बोल्ट नाहीत, त्यामुळे नळी बाहेर ओढता येत नाही. एक वेल्डर म्हणतो ग्राइंडरने कापू, आतून पक्कं करू आणि परत जोडू. दुसरा म्हणतो बाहेरून ड्रिल मारून त्या भोकातूनच वेल्ड भरू, कापायची गरज नाही. नळी काढून टाकायचा सल्ला प्लीज नको, आवाज वाढवायचा नाहीये आणि दंडही नको. नवीन सायलेन्सर सध्या बजेटमध्ये नाही.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी सांगा, ड्रिलवालं वेल्ड गरम-थंड होऊन टिकतं का की कापूनच करावं? आणि एवढ्या पातळ पत्र्याला मिग (तारेचं इलेक्ट्रिक वेल्डिंग) चालेल की गॅस वेल्डिंग?