टेम्पो, की आणि मूड: मराठीत काय म्हणायचं?

सांजवात
आमच्या श्रवणमंडळात शनिवारी जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसची 'चार शेवटची गाणी' ऐकवायची आहेत. गायिका जेसी नॉर्मन, संचालक कुर्ट मासुर आणि लाइपझिगचा गेवांडहाउस वाद्यवृंद, १९८२चं ध्वनिमुद्रण. मराठी टिपण माझ्या गळ्यात पडलंय. नमुन्याच्या इंग्रजी टिपणात प्रत्येक गाण्याला टेम्पो (वेग), की (key, म्हणजे रचनेचा आधारस्वर) आणि मूड असे तीन रकाने आहेत. चौथ्या गाण्यापुढे ('इम आबेंडरोट', म्हणजे संधिप्रकाशात) मी लिहिलं: लय विलंबित, पट्टी काळी दोन, भाव शांत. मंडळातल्या एका काकांनी तिन्हींवर लाल फुली मारली. "ही काय ख्यालाची बैठक आहे का?" मग काय लिहू?

पेटीवाला
काळी दोन बरोबर आहे. हे गाणं ई फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि ई फ्लॅट हा स्वर पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवरच येतो. पण काकांचंही अगदीच चूक नाही. आपल्याकडे पट्टी ही गळ्याची सोय. बाई बसल्या की काळी चार, बुवा बसले की काळी एक, आणि यमन दोन्हीकडे यमनच. इथे ती रचनाकारानेच ठरवून दिलेली. शिवाय मेजर-मायनर (पाश्चात्त्य संगीतातले स्वररचनेचे दोन प्रकार) पट्टीत कुठे येतं? त्यासाठी 'काळी दोन, बिलावल थाट' असं काहीतरी लिहावं लागेल, ते वाचून काका दुसरी फुली मारतील. आणि याच संचातलं पहिलं गाणं सी मायनरमध्ये सुरू होऊन ए मेजरमध्ये संपतं. म्हणजे पांढरी एकवर बसलेला माणूस उठतो तेव्हा पांढरी सहावर! त्या रकान्यात कुठली पट्टी भरणार?

शुद्धमती
पट्टी हा शब्द पेटीच्या पट्ट्यांवरून आला आणि पेटी साहेबाची. 'स्वराधार' म्हणा. टेम्पोला 'गती', मूडला 'भावस्थिती'. घरात शब्द असताना उसनवारी कशाला?

पेटीवाला
स्वराधार म्हणताना आजवर एकही माणूस ऐकला नाही. आणि तबलजीला "गती वाढवा" म्हणून बघा, तो घड्याळ बघेल.

उत्तररात्र
मला 'विलंबित'बद्दल बोलायचंय. स्ट्राउसने या गाण्यावर वेगाची सूचना म्हणून 'आंदान्ते' लिहिलंय. इटालियनमध्ये 'आंदारे' म्हणजे चालणे. मराठीत गाण्याला चाल असते आणि माणसालाही, त्यामुळे आपल्याला हे चटकन कळायला हरकत नाही. त्यात हे गाणं ज्या कवितेवर आहे त्या आयखेनडॉर्फच्या कवितेतले दोघं सुखदुःखातून हातात हात घालून चालत आलेले आणि आता चालून दमलेले. प्रश्न असा की किती सावकाश चाललं तरी त्याला चालणं म्हणायचं? गायिका लिसा डेला कासाने संचालक कार्ल ब्योमबरोबर १९५३ साली हेच गाणं सहा मिनिटांच्या आसपास संपवलंय. नॉर्मन बाई जवळजवळ दहा मिनिटं घेतात. काल रात्री दोन्हींवर दिवाणखान्यात चालून पाहिलं. डेला कासाबरोबर सोफा ते खिडकी आरामात झालं. नॉर्मनबरोबर एक पाय हवेतच राहिला. बायकोने विचारलं, गुडघा धरलाय का?
तेव्हा सांजवातताई, 'विलंबित' हे त्या ध्वनिमुद्रणाला चपखल आहे, रचनेला नाही. टिपण नक्की कशाचं आहे ते आधी ठरवा.

सांजवात
हा मुद्दा पटला. पण मूड?

रंकाळा
लय भारी चर्चा. आमच्याकडं दहा मिनिटांच्या गाण्याला 'लय लय' म्हणत्यात.

शुद्धमती
ती लय वेगळी. पण उत्पत्ती, स्थिती, लय यातली लय इथे विचारात घ्यायला हवी. गाण्याचा शेवटचा प्रश्न आहे, 'हा मृत्यू तर नसेल?' आणि तिथे वाद्यवृंदात स्ट्राउसने आपल्याच 'मृत्यू आणि रूपांतर' या १८८९च्या रचनेतला स्वरसमूह परत आणलाय. तेव्हा पंचविशीतला होता, आता त्र्याऐंशीचा. मग बासऱ्यांवर चंडोलांची किलबिल आणि सगळं विरून जातं. 'लय' याहून कुठे शोभेल?

पेटीवाला
म्हणजे काल सुचवलेली 'गती' मागे घेतली?

शुद्धमती
गतीही चालेल. सद्गती.

उत्तररात्र
अवांतर: टिपणात 'टेम्पो' ठेवला तर निम्मे लोक मालवाहू गाडी डोळ्यांपुढे आणतील. ती गाडीही जर्मनच बरं का. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीची तीनचाकी, १९५८मध्ये बजाज टेम्पो निघाली आणि इटालियन संगीतातला शब्द आपल्याकडे फ्रीज वाहायला लागला.

निफाडकर
मघापासून वाचतोय. टेम्पो, पट्टी, भाव. मला वाटलं बाजार समितीवर धागा आहे. टेम्पोत कांदा भरायचा, भाव पडलेला बघायचा आणि हिशोबाची पट्टी घेऊन घरी यायचं. भाव शांत म्हणजे काय, ते आम्हाला विचारा.

सांजवात
:) काका 'भाव'वर याच कारणाने फुली मारत असतील का? मी 'मूड' लिहून टाकू? शनिवार परवावर आलाय हो.

शुद्धमती
'मूड' नको. 'चित्तवृत्ती'.

रंकाळा
चित्तवृत्ती वाचून मूड गेला.

पेटीवाला
निफाडकर, पट्टीत हमाली-तोलाई वजा असते ना? मग 'पट्टी उतरली' म्हणतात का तुमच्याकडे? गाण्यात म्हणतात, म्हणून विचारलं.

निफाडकर
नाही. व्यापारी 'पट्टी काढली' म्हणतो. पण माझे आजोबा वरच्या पट्टीत बोलणाऱ्या माणसाला 'याची पट्टी चांगली आलेली दिसते' म्हणायचे. गाण्यातली पट्टी आमच्याकडूनच गेली असणार.

शुद्धमती
याला काही आधार?

निफाडकर
आजोबा.