होल्स्ट: मास्तरकीने संगीतकार खाल्ला का?

रविवारचा श्रोता: इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४) म्हटलं की 'द प्लॅनेट्स', ग्रहांवरची ती ऑर्केस्ट्रासाठीची रचना, बास. पण हा माणूस १९०५ पासून मरेपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत होता. शिवाय १९०७ पासून मॉर्ले कॉलेजात, दिवसभर राबून आलेल्यांचे वर्ग. स्वतःचं लिहायला उरायचे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या. 'द प्लॅनेट्स' १९१४ ते १९१६ रेंगाळलं ते उगाच नाही. शाळेने त्याचं निम्मं आयुष्य गिळलं.

खडूफळा: गिळलं कसलं! आधी हा पोटासाठी ऑर्केस्ट्रांत ट्रॉम्बोन फुंकत होता. शाळेने पगार दिला, बाहेरचा आवाज आत न येणारी खोली दिली. उजव्या हाताला न्यूरायटिस, म्हणजे नसांचं दुखणं, तेव्हा 'द प्लॅनेट्स'ची ऑर्केस्ट्रासाठीची प्रत लिहून काढायला शाळेतल्याच शिक्षिका नोरा डे आणि वॅली लास्कर मदतीला होत्या. १९१८ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये कंडक्टर एड्रियन बोल्टने ते पहिल्यांदा सादर केलं, तेव्हा त्यातल्या शेवटच्या भागाच्या, 'नेपच्यून'च्या, पडद्याआडच्या कोरसात त्याच्या विद्यार्थिनी होत्या.

रविवारचा श्रोता: म्हणजे हात दुखतोय तरी वर्ग चालूच. सोय मिळाली, वेळ कुठे मिळाला?

अर्धा तास: तुम्ही दोघं ग्रहांतच अडकलात. संस्कृत शिकून हा 'सीता' नावाचा अगडबंब ऑपेरा लिहीत बसला होता, जर्मन ऑपेराकार वॅग्नरच्या सावलीत. हयातीत तो रंगमंचावर आलाच नाही. मग १९०८ चा 'सावित्री' हा ऑपेरा: मुख्य गायक तीन, वादक डझनभर, खेळ अर्ध्या तासाचा. सुरुवातीला मृत्यू या पात्राचा आवाज, साथीला एकही वाद्य नाही! (राग शोधायला जाऊ नका, मी गेलो होतो.) ऋग्वेदातल्या सूक्तांचा तिसरा संच तर फक्त स्त्रियांचे आवाज आणि हार्प. रोज शाळकरी मुलींकडून गाऊन घेणाऱ्यालाच थोडक्यात भागवणं असं जमतं.

रविवारचा श्रोता: भागवणं की भागवावं लागणं? १९२४ मध्ये तब्येत ढासळली, डॉक्टरांनी सगळी कामं बंद करायला लावली. पुढे कामाचा भार हलका झाला आणि १९२७ मध्ये 'एग्डन हीथ' ही ऑर्केस्ट्रासाठीची रचना आली. आपलं सर्वांत चांगलं काम तीच, असं तो स्वतः मानायचा. यावर बोला.

खडूफळा: बोलतो. तेव्हा त्याने मॉर्ले सोडलं. सेंट पॉल्सही सोडता आलं असतं. सोडलं नाही.