फिल्म, पोस्टर आणि फोटो तिन्ही तयार आहेत, एकत्र दाखवू की वेगवेगळं?

निशाचर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी स्वतंत्रपणे काम करते, म्हणजे मागे स्टुडिओ नाही, एजन्सी नाही, टीम म्हणजे साउंड करणारा एक मित्र आणि गरज लागेल तशी माणसं. पोटापाण्यासाठी डिझाइन करते आणि उरलेल्या वेळात फिल्म आणि फोटो. गेली तीन वर्षं एकाच विषयाच्या मागे आहे, रात्रपाळी करणारी माणसं. नर्स, वॉचमन, छापखान्यात पहाटेचा पेपर काढणारे. सुरुवात फोटोंनी झाली, मग त्यातल्याच एका नर्सवर शॉर्ट फिल्म झाली (१४ मिनिटं २० सेकंद, कट लॉक झालाय, म्हणजे एडिट पक्का), आणि त्याच काळात ड्युटी रजिस्टरमधली लोकांची हस्ताक्षरं बघून बघून मी अक्षरं काढत गेले, त्यातून बारा पोस्टर्सची सीरीज तयार झाली.

आता हे सगळं लोकांपुढे आणायचंय आणि मी अडकलेय. जवळचे लोक सांगतात की वेबसाइटवर फिल्म, डिझाइन, फोटो असे तीन टॅब कर, नाहीतर बघणाऱ्याला कळत नाही की तू नक्की करतेस काय. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच लागतं मनाला, कारण माझ्या डोक्यात हे तीन वेगळे उद्योग नाहीतच, एकच काम आहे. दुसरं म्हणजे फिल्म सरळ यूट्यूबवर टाकून मोकळं व्हावं का? तीन वर्षं झाली, ज्यांच्यावर केली त्यांना तरी दिसू दे असं वाटतं. आणि फोटो साठावर आणलेत, त्याखाली हात जात नाही. प्रत्येकाबरोबर एक रात्र आठवते.

ज्यांनी असं काम बाहेर काढलंय त्यांनी प्लीज सांगा.

मॉन्टाज

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी एवढंच की फिल्मची लिंक अजून कुठेही पब्लिक करू नका. एकदा ऑनलाइन गेली की ते परत घेता येत नाही, आणि काही दारं तिथेच बंद होतात. प्रत्येक फेस्टिव्हलचे नियम वेगळे असतात, सनडान्सला शॉर्ट फिल्मसाठी प्रीमिअरची अट नाही, फिल्म आधी ऑनलाइन असली तरी ते घेतात, पण बऱ्याच ठिकाणी ती चालत नाही आणि ऑस्करच्या शॉर्टसाठी तर पात्रता मिळायच्या आधी फिल्म ऑनलाइन आली की विषय संपला. तुम्हाला ऑस्करला पाठवायचीच असं नाही म्हणत, पण निर्णय तुमच्या हातात राहू दे. मी माझी पहिली शॉर्ट घाईघाईत टाकली होती, आठवड्याभराने एका फेस्टिव्हलचा मेल आला की आम्हाला आवडलीय पण ती पब्लिक दिसतेय, आता घेता येणार नाही. तो मेल मी अजून ठेवलाय.

दुसरं, १४ मिनिटं २० सेकंद म्हणताय ते क्रेडिट धरून का? कान फिल्म फेस्टिव्हलच्या शॉर्ट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे आणि ती क्रेडिटसकट मोजतात. ऑस्करला ४० मिनिटं, तीही क्रेडिट धरून. तुमची नेमकी काठावर आहे म्हणून विचारतोय.

ज्यांच्यावर फिल्म केली त्यांना दाखवायची इच्छा आहे ना, त्याला मस्त मार्ग आहे. विमिओ या व्हिडिओ साइटवर पासवर्ड लावून ठेवा आणि ती लिंक त्यांना द्या, किंवा सगळ्यात चांगलं म्हणजे त्यांना एकत्र बोलवून प्रोजेक्टरवर दाखवा. विमिओचा अजून एक फायदा म्हणजे नंतर चूक सापडली तर लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते, यूट्यूबवर ते होत नाही, नवीन अपलोड म्हणजे नवीन लिंक आणि जुने व्ह्यू गेले.

संगीत कुणाचं आहे? बाहेरचं गाणं वापरलं असेल तर रचनेचे हक्क वेगळे आणि त्या रेकॉर्डिंगचे वेगळे, दोन्हीची लेखी परवानगी लागते. आणि 'फक्त फेस्टिव्हलसाठी' अशी परवानगी घेतली असेल तर नंतर ऑनलाइन टाकताना ती उपयोगाची नाही, हे लोकांना फार उशिरा कळतं. पार्श्वभूमीला कुणाच्या मोबाइलवर गाणं वाजतंय, तेवढंसुद्धा यूट्यूबच्या सिस्टिमला सापडतं. रात्रपाळीत रेडिओ चालू असतोच की.

ग्रिडवाला

माझं मत थोडं वेगळं आहे. मी स्वतः लोकांना कामासाठी निवडतो, दिवसाला चाळीस पन्नास पोर्टफोलिओ बघावे लागतात. तीन टॅब म्हणजे कलाकाराची किंमत कमी होते असं नाही, बघणाऱ्याचा वेळ वाचतो एवढंच. मला डिझायनर हवा असेल तर मी चौदा मिनिटांची फिल्म बघत बसणार नाही, मला पोस्टर पटकन दिसले पाहिजेत. सगळं एकत्र ठेवलं तर जे शोधतोय ते सापडत नाही आणि मी पुढे जातो. कडू वाटेल पण असं होतं.

शाईचा ठिपका

ग्रिडवाला यांचा मुद्दा कामं मिळवण्यापुरता बरोबर आहे, पण ताईंनी विचारलंय ते काम लोकांपुढे आणण्याबद्दल, आणि या दोन गोष्टींची गल्लत केली की नुकसान होतं. पोटापाण्याच्या डिझाइनचं एक वेगळं पान ठेवा, तिथे ग्राहकाला हवं ते दोन क्लिकमध्ये सापडू दे. रात्रपाळी मात्र एकच पान, एकच प्रकल्प, त्यात फिल्मचं ट्रेलर, फोटो, पोस्टर सगळं एकमेकांना लागून. तोडू नका. रजिस्टरमधल्या हस्ताक्षरातून अक्षर आलंय हे फोटो शेजारी असल्याशिवाय कळणारच नाही, नुसतं पोस्टर बघितलं तर लोक म्हणतील छान लेटरिंग आहे आणि पुढे जातील.

आणि 'नक्की करतेस काय' हे ज्यांना विचारायचंय त्यांना विचारू दे. सत्यजित राय जाहिरात कंपनीत व्हिज्युअलायझर होते, पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे, फिल्मकार झाल्यावरही स्वतःच्या फिल्मची पोस्टर्स, टायटल, पुढे संगीतसुद्धा स्वतः केलं, रोमन लिपीचे टाइपफेस केले. इराणी फिल्मकार किआरोस्तामी ग्राफिक डिझाइन आणि जाहिरातींतून आले आणि शेवटपर्यंत फोटो काढत राहिले. फ्रेंच फिल्मकार आन्येस वार्दा आधी एका नाट्यसंस्थेच्या फोटोग्राफर, मग फिल्म, आणि २००३ साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात इन्स्टॉलेशन, तेव्हा त्या पंचाहत्तरच्या होत्या. यांच्यापैकी कुणाचंही काम तुम्ही खणात घालून बघू शकत नाही. राय यांच्या टायटल कार्डांमध्ये मुखपृष्ठवाला माणूस दिसतोच.

आता थोडं कामाचं. फिल्मची टायटल आणि सबटायटल मराठीत आहेत का? एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मांडणारं टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन'वाल्या पर्यायावर केलेलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. आपल्याला सवय असते म्हणून मेंदू ते बरोबर वाचतो आणि चूक दिसत नाही, मोठ्या पडद्यावर मात्र ती ओरडते. रेंडर झाल्यावर प्रत्येक ओळ थांबवून वाचा. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, नाहीतर खालच्या ओळीची मात्रा आणि रफार वरच्या ओळीच्या उकाराला चिकटतात. सबटायटलला तुमचं हस्ताक्षरी अक्षर अजिबात वापरू नका, कितीही मोह झाला तरी. मुक्तासारखा साधा फॉन्ट घ्या, तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे, फिल्ममध्ये वापरायला परवानगीची कटकट नाही. तुमचं अक्षर फक्त शीर्षकाला आणि पोस्टरला, म्हणजे त्याचा मान राहील.

एक राहिलं, पोस्टरवर जे लिहिलंय ते खाली टाइप करून पण टाका. चित्रातली अक्षरं सर्चला नीट सापडतीलच असं नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरलाही खाली लिहिलेलंच वाचता येतं.

डार्करूम

साठ फोटो जास्त आहेत. खूप जास्त.

तुम्हाला प्रत्येकाबरोबर एक रात्र आठवते ना, तीच तर अडचण आहे, बघणाऱ्याला ती रात्र माहीत नाही, त्याला फक्त फ्रेम दिसते. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ पासून दोनेक वर्षं अमेरिका फिरून सत्तावीस हजारांच्या वर फ्रेम काढल्या आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतले ८३. म्हणजे साधारण सव्वातीनशेला एक. तुमचे मूळ किती आहेत माहीत नाही पण पानावर वीसच्या पुढे जाऊ नका असं मी कळकळीनं सांगेन.

छोट्या प्रिंट काढा, अगदी साध्या कागदावर, आणि जमिनीवर पसरा. स्क्रीनवर क्रम लागत नाही, गुडघ्यावर बसूनच लागतो. एक रात्र म्हणून लावून बघा, पाळी सुरू होते तेव्हाचा उजेड, मग मध्यरात्र, मग तो चारच्या सुमाराचा वेळ जेव्हा चेहरे बदलतात, आणि पहाट. जो फोटो एकटा फार सुंदर आहे पण शेजारच्या दोघांशी बोलत नाही तो काढून टाकायचा. जीव जातो पण काढून टाकायचा. आणि फिल्ममध्ये जे दिसतंय तेच फोटोत परत दाखवू नका, फिल्म त्या नर्सची आहे तर फोटोत तिची जागा, तिच्या वस्तू, तिची वाट बघणारं कुणी असं येऊ दे.

ट्यूबलाइटचा हिरवा रंग तुम्ही काढून टाकलाय का? मी असतो तर पूर्ण काढला नसता, रात्रपाळीचा तोच रंग आहे. फक्त सगळीकडे सारखा ठेवा, एकात हिरवा आणि पुढच्यात दुधासारखा पांढरा असं झालं की लोकांना वाटतं दोन वेगळ्या ठिकाणचे आहेत. वेबसाठी एक्सपोर्ट करताना एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंग-प्रोफाइलमध्येच करा, अडोबी आरजीबीत ठेवलेली फाइल बऱ्याच ठिकाणी प्रोफाइल नीट न वाचल्यामुळे फिक्की, मेलेली दिसते आणि आपल्याला वाटतं रंगांचं ग्रेडिंगच चुकलं. लांब बाजू दोन हजार पिक्सेल भरपूर झाली, मूळ फाइल कुणालाही देऊ नका.

आणि लोकेशन. फोन किंवा जीपीएस असलेला कॅमेरा वापरला असेल तर फाइलच्या मेटाडेटात (फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत) जागा लिहिलेली असते. सोशल मीडियावर साधारणपणे ती काढली जाते, स्वतःच्या वेबसाइटवर मात्र तुम्हीच काढायची. वॉचमन कुठे आणि किती वाजता एकटा असतो हे तुम्ही जगाला सांगताय, असं समजून ती तपासा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितोय. सगळ्यांची परवानगी आहे का, आणि ती वेबसाइटवर टाकण्यासाठी आहे का? 'काढ की फोटो' म्हणणं वेगळं आणि हजारो लोकांनी आपल्याला डुलकी लागलेलं बघणं वेगळं. ज्याला ड्युटीवर झोप लागलीय त्याचा फोटो कितीही हळवा असू दे, त्याची नोकरी जाऊ शकते.

निशाचर

सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोन दिवस मुद्दाम थांबून उत्तर देतेय कारण सांगितलेलं करून बघायचं होतं.

मॉन्टाज दादा, तुम्ही बरोबर ओळखलंत, १४:२० ही क्रेडिट सोडून होती. क्रेडिट धरून १५:३५ होतेय. आज साउंडवाल्या मित्राबरोबर बसले, सुरुवातीचा कॉरिडॉरचा शॉट वीस सेकंदांनी कमी केला (आणि तो खरंच चांगला झाला, आता ती थेट दारात दिसते) आणि क्रेडिट वर सरकणाऱ्या रोलऐवजी थांबलेल्या कार्डवर घेतले, आता १४:५२ वर आलीय. कट लॉक झालाय म्हणत होते, तो पुन्हा उघडावा लागला, साउंडही तिथे परत मिक्स करावा लागेल. रेडिओचं गाणं एका सीनमध्ये आहे, तुम्ही न बघता सांगितलंत! तिथे मित्र आता पंख्याचा आणि ट्रॉलीच्या चाकांचा आवाज भरतोय. यूट्यूब सध्या नाही. नर्सताईंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मी समोर बसवून दाखवणार, पाळी बदलायच्या वेळेला, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं येतील.

शाईचा ठिपका, तुमचं दोन पानांचं मला एकदम पटलं. ग्रिडवाला, कामाच्या डिझाइनचं पान तुमच्याच म्हणण्याप्रमाणे करतेय, तिथे पोस्टर पटकन दिसतील आणि खाली प्रकल्पाकडे जायची लिंक. वेलांटी दोन ठिकाणी खरंच फुटली होती, त्यातली एक नर्सताईंच्या नावात. तीन वर्षांत मला दिसली नाही.

डार्करूम, प्रिंट काढून जमिनीवर पसरल्या. रात्रीचे दोन वाजले. पहिल्या फेरीत साठाचे एकतीस, मग बावीस, तिथे अडकले. परवानगीचं वाचल्यावर एकेकाला फोन केले. बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं, एकाने उलट विचारलं की मोठा प्रिंट मिळेल का. पण एक फोटो आहे, वॉचमनकाकांचा, खुर्चीत मान कललेली, मांडीवर टॉर्च चालूच आणि त्याचा उजेड त्यांच्या हातावर. सगळ्या सीरीजमध्ये मला तोच सगळ्यात जवळचा. ते म्हणाले, 'टाक बाई, तुझं काम आहे.' आवाजावरून कळलं की मला 'नाही' म्हणवत नाहीये त्यांना. काय करू?

डार्करूम

काढून टाका तो. त्यांना प्रिंट करून द्या, फ्रेम लावून, स्वतः जाऊन. आणि परत एकदा त्यांच्याबरोबर रात्रभर बसा, जागे असतानाचा फोटो मिळेल. टॉर्च तर आहेच.

निशाचर

काढून टाकला. आता एकवीस आहेत. शनिवारी जातेय त्यांच्याकडे, कॅमेरा बरोबर नेतेय पण आधी प्रिंट देणार.

मॉन्टाज

फेस्टिव्हलला पाठवायच्या आधी एकदा मोठ्या पडद्यावर सबटायटलसकट पूर्ण बघा, लॅपटॉपवर नाही. आणि शूट सेकंदाला २४ फ्रेमवर आहे की २५? २५ वर असेल तर डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल फाइल) करताना साउंडवाल्या मित्राला आधीच सांगून ठेवा, २४ वर आणताना लांबी वाढते. १४:५२ ची पंधराच्या वर जाईल.